शेअर बाजाराचा राजा बुडाला, पण शिक्षणाला दिलेला पैसा तरला! प्रेमचंद रायचंद यांची कहाणी

चंद्रपूर/गडचिरोली : कॉलेज सोडायचं आणि दिवसभर मोबाईलवर ट्रेडिंग करायचं, असा विचार आज गावागावातल्या काही पोरांच्या डोक्यात घोळतो. अशा पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनी प्रेमचंद रायचंद यांचं आयुष्य एकदा जरूर वाचावं. भारतातल्या शेअर बाजाराचा पहिला मोठा राजा म्हणजे हा माणूस.

प्रेमचंद यांचा जन्म 1831 साली सुरतेचा. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं. तिथं ते इंग्रजी शिकले आणि मग एका दलालाच्या हाताखाली कामाला लागले. इंग्रजी लिहिता, वाचता, बोलता येणारे ते मुंबईतले पहिले देशी दलाल मानले जातात. इंग्रज व्यापारी आणि बँकांशी ते थेट बोलू शकत. त्यांचं पहिलं भांडवल पैसा नव्हतं, शिक्षण होतं.

कापसानं आणला पैसा

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग सगळ्यांची नजर हिंदुस्थानच्या कापसाकडे वळली. वऱ्हाडचा आणि चंद्रपूरच्या शेजारचा हिंगणघाटचा कापूस तेव्हाही नावाजलेला. नागपूरपर्यंत रेल्वे आली ती 1867 साली. त्याआधी माल बैलगाड्यांनीच निघायचा. भाव आभाळाला भिडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला.

हा पैसा शेअरमध्ये घुसला. रोज नवी बँक, नवी कंपनी. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीच्या 5,000 रुपयांच्या शेअरला 50,000 पर्यंत भाव गेला. कारकून, दुकानदार, सगळेच सौदे करू लागले. खिशात पैसा नसला तरी चालायचं, कारण सौदा आजचा आणि हिशेब पुढच्या तारखेचा. आजच्या फ्युचर्सचाच हा जुना अवतार. बँक ऑफ बॉम्बे शेअर गहाण ठेवून कर्ज वाटत होती आणि कर्ज कोणाला द्यायचं यात प्रेमचंद यांच्या शब्दाला मोठं वजन होतं.

एका बातमीनं सगळं कोसळलं

1865 मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि कापसाचा भाव धाडकन पडला. 1 जुलै 1865 ही हिशेबाची तारीख होती. त्या दिवशी देणं चुकवायला लोकांकडे पैसाच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा 2,850 रुपयांवर गेलेला शेअर 87 रुपयांना विकायची वेळ आली. घरंच्या घरं बसली. पुढं ती बँकही बुडाली. स्वतः प्रेमचंदही यातून सुटले नाहीत. ज्यांच्या इशाऱ्यावर बाजार हलायचा, त्यांनाही उद्याचा भाव कळला नव्हता.

उरलं ते शिक्षण

तेजीच्या काळातच प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी 2 लाख आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी 2 लाख रुपये देऊ केले होते. मनोऱ्याला आईचं नाव दिलं, राजाबाई. आईला दिसत नव्हतं, घंटेच्या आवाजावरून तिला वेळ कळायची, असं सांगतात. 1878 साली पूर्ण झालेला हा मनोरा आजही उभा आहे. कलकत्ता विद्यापीठाला दिलेल्या 2 लाखांतून त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती सुरू झाली. शिवरायांचं चरित्र लिहिणारे इतिहासकार जदुनाथ सरकार यांनाही ती मिळाली होती.

बुडाल्यावर प्रेमचंद पळून गेले नाहीत. दलालीचं काम येत होतं, त्यावरच पुन्हा उभे राहिले, पण पहिल्यासारखं राज्य परत आलं नाही. 1875 साली दलालांची संघटना झाली, तीच पुढं मुंबई शेअर बाजार म्हणून वाढली. तिच्या संस्थापकांत त्यांचं नाव घेतलं जातं. 1906 साली ते वारले.

आजचा हिशेब

सेबीनं 2024 साली आकडे दिले : 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या 100 सामान्य ट्रेडरांपैकी 93 जणांना तोटा झाला. मोबाईल, चार्ट, टिप्स सगळं हाताशी असून ही गत.

शेअर घेणं वाईट नाही. पण प्रेमचंद आधी शिकले, मग बाजारात उतरले, आणि पडल्यावर शिकलेल्या कामानंच त्यांना सावरलं. बाजार डिग्री झाल्यावरही उघडाच राहणार आहे. धान किंवा कापूस विकून भरलेली कॉलेजची फी आणि गेलेली वर्षं मात्र परत येत नाहीत.