खारपाणपट्ट्यातला डेबूजी

कुहीच्या ओपीडीत खाज किंवा वारंवारची हगवण घेऊन कोणी आलं, की मी आधी विचारतो, पाणी कुठलं भरता? नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून आमच्या तालुक्यात उतरतं आणि पुढे गोसीखुर्दच्या फुगवट्याला मिळतं. या धरणाने कित्येक गावं उठवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाणी आटूनही गाव उठवतं, नासूनही उठवतं. ते इतकं हळू होतं, की विस्थापितांच्या यादीत ती माणसं येतच नाहीत.

अशा मुलखातच गाडगेबाबा वाढले. डेबूजी झिंगराजी जानोरकर, जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, जिल्हा अमरावती. वडील दारूपायी लवकर गेले. आई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात आली. मूर्तिजापूर-दर्यापूर हा पूर्णेचा खारपाणपट्टा. विहीर खणली तरी पाणी खारं. जास्त मीठ रोज पोटात गेलं की रक्तदाब वाढतो. त्या भागातल्या मूत्रपिंडाच्या आजारांमागेही हेच पाणी असावं, असा संशय आहे. ऐपत असलेला शहर गाठतो. मागे राहिलेला तेच पाणी पितो.

डेबूजी विशीत असताना वऱ्हाडावर दोन दुष्काळ कोसळले, १८९६-९७ आणि १८९९-१९००. विहिरी आटल्या की सारं गाव एका डबक्यावर येतं. पटकीच्या एका रोग्याची घाण त्यात उतरली, की घरोघरी ओकाऱ्या-जुलाब. लोक पळतात आणि जंतू सोबत नेतात.

१९०५ मध्ये डेबूजींनी घर सोडलं. कारण पाण्याचं नव्हतं, पण पुढचं आयुष्य वाटेवरच्या माणसांतच गेलं. हातात खराटा, सोबत गाडगं. ज्या गावी कीर्तन, ते गाव आधी झाडायचं. ऋणमोचनला पौषातल्या रविवारी पूर्णेवर यात्रा भरते. लोक चिखल तुडवत नदीत उतरत. तिथे त्यांनी घाट बांधवला. लोक याला पुण्यकर्म म्हणतात, मी आरोग्य खात्याचं काम म्हणेन.

पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. मुंबईतली धर्मशाळा मला सर्वांत महत्त्वाची वाटते. गावाकडून रोगी आणायचा, तो वॉर्डात आणि नातेवाईक फूटपाथवर, हे आजही मी पाहतो. बाबांनी त्यांच्यासाठी छप्पर, मोरी आणि पाणी यांची सोय केली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी त्यांचा प्राण गेला.