निद्रेचा नकाशा रेखाटणारा वैमानिक

पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, १९१६-१७ च्या हिवाळ्यात व्हिएन्नाच्या मनोविकार चिकित्सालयात काही विलक्षण रुग्ण येऊ लागले. कोणी जेवता जेवता झोपी जाई, तर कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नसे. यातले बरेच जण दगावले. ही एका नव्या मेंदूज्वराची साथ आहे, हे ओळखले डॉ. कॉन्स्टंटिन फॉन इकोनोमो यांनी.

२१ ऑगस्ट १८७६ रोजी रुमानियातील ब्राइला येथे एका सधन ग्रीक कुटुंबात त्यांचा जन्म झाला. बालपण त्रिएस्त येथे गेले. वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू केले खरे, पण ते सोडून वैद्यकाकडे वळले आणि १९०१ मध्ये व्हिएन्नातून डॉक्टर झाले. विमानविद्येचेही त्यांना वेड होते. महायुद्धात त्यांनी वैमानिक म्हणून कामगिरी बजावली. पुढे आईवडिलांच्या आग्रहामुळे ते रुग्णसेवेत परतले.

१९१७ मध्ये त्यांनी या निद्रारोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. मृतांच्या मेंदूंची तपासणी करताना त्यांना एक सूत्र गवसले. हायपोथॅलॅमसच्या मागील भागाला इजा झालेले रुग्ण अतिनिद्रेने ग्रासलेले होते; पुढील भाग बिघडलेल्यांची झोपच उडाली होती. झोप म्हणजे केवळ थकवा नव्हे, तिचे नियंत्रण मेंदूतून होते, हे यातून दिसले. दिवसा अनावर झोप आणणाऱ्या नार्कोलेप्सीचे मूळही याच परिसरात असावे, असे अनुमान त्यांनी मांडले.

ते पडताळण्यास सात दशके लागली. जागे ठेवणारे ओरेक्झिन हे रसायन १९९८ मध्ये सापडले आणि २००० मध्ये नार्कोलेप्सीच्या रुग्णांच्या हायपोथॅलॅमसमधील ओरेक्झिन-पेशी जवळपास नष्ट झाल्याचे आढळले. त्या कोणी नष्ट केल्या? संशयाची सुई शरीराच्या स्वतःच्या रोगप्रतिकारक यंत्रणेकडे वळली. परके जंतू ओळखण्याशी संबंधित एक विशिष्ट जनुक बहुसंख्य रुग्णांत आढळते. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत वापरलेल्या एका लशीनंतर फिनलंड व स्वीडनमधील मुलांत हा विकार वाढला. २०१८ मध्ये तर ओरेक्झिनलाच लक्ष्य करणाऱ्या टी-पेशी रुग्णांच्या रक्तात सापडल्या. अंतिम पुरावा अद्याप हाती नाही. मात्र रक्षकच भक्षक होत असावा, यावर बहुतेक संशोधकांचे एकमत आहे.

२१ ऑक्टोबर १९३१ रोजी, वयाच्या ५५ व्या वर्षी इकोनोमो यांचे व्हिएन्नात निधन झाले. नार्कोलेप्सीच्या रुग्णांना आजही आळशी म्हणून हिणवले जाते. दोष त्यांच्या स्वभावात नसून मेंदूतील मूठभर पेशींत आहे, हे समजण्याची वाट या वैमानिक डॉक्टरने दाखवली.