पंडिता रमाबाई : बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी उतरलेलं ओझं

पंडिता रमाबाई म्हटलं की विधवांसाठी काढलेलं शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. पण इतरांना आधार देणाऱ्या रमाबाईंच्या मनावर स्वतःच्याच दुःखाचं मोठं ओझं होतं. ते उतरलं कसं?

एकामागून एक मृत्यू

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे विद्वान होते. त्यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं आणि त्यासाठी लोकांचा रोष ओढवून घेतला. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थक्षेत्रं फिरत असे. पुढे पैसे संपले, उपासमार सुरू झाली. १८७४ मध्ये वडील गेले, काही आठवड्यांत आई गेली आणि त्यानंतर थोरली बहीणही.

आईची तिरडी उचलायला चार माणसं मिळेनात. भाऊ श्रीनिवास आणि दोन ब्राह्मण असे तिघेच होते. चौथ्या झाल्या रमाबाई. उंची कमी म्हणून त्यांनी ती खांद्याऐवजी डोक्यावर घेतली. स्मशान सुमारे तीन मैलांवर होतं.

पुढे १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हणून गौरवलं. पण १८८० मध्ये भाऊ गेला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने पती बिपिनबिहारी मेधावी गेले. तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

धर्म बदलला, मन नाही

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडमध्ये वाँटेज इथे गेल्या. तिथे सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. या धक्क्यानंतर काही दिवसांतच, २९ सप्टेंबर १८८३ ला, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

अनेकांना वाटतं, तिथेच सगळं बदललं. तसं झालं नाही. ख्रिस्ती शिकवण त्यांना बुद्धीने पटली होती, पण मनाची तळमळ थांबली नव्हती. पूर्वी व्रतं आणि तीर्थयात्रा करून देव मिळवायचा होता. आता प्रार्थना आणि सेवा करून. धडपड तीच राहिली.

बदल झाला तो १८९१ च्या सुमारास. विल्यम हॅस्लॅम या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आलं. धर्मोपदेशक असूनही हॅस्लॅमना स्वतःला बरीच वर्षं शांती मिळाली नव्हती. रमाबाईंना त्यात आपलीच अवस्था दिसली. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताच्या हाती स्वतःला सोपवलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. आधी लायक व्हायचं आणि मग देवाकडे जायचं, असा हिशेब त्यांनी सोडला. आपली पापं, अपुरेपण सगळं घेऊन त्या जशा होत्या तशा देवापुढे गेल्या. मन हलकं झालं ते तेव्हा.

मग दुःख संपलं का?

नाही. १८९३ मध्ये सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती प्रभाव पडतो, या आरोपावरून पुण्यात वादळ उठलं. सल्लागार मंडळातले न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या.

पण जुनी आठवण आता त्यांना बांधून ठेवत नव्हती, कामाला लावत होती. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे गेल्या. भुकेने माणूस कसा मरतो, हे त्यांनी घरातच पाहिलं होतं. त्या दुष्काळातून त्यांनी शेकडो स्त्रिया आणि मुली आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावात सुमारे दोन हजार जणी होत्या. शेती, विणकाम, छपाई शिकून त्या स्वतःच्या पायावर उभ्या राहत होत्या.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. घरचं शेवटचं माणूसही उरलं नाही. रमाबाई तेव्हा बायबलचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या. आजारपण असूनही त्यांनी ते काम पूर्णत्वाला नेलं आणि ५ एप्रिल १९२२ ला केडगावात अखेरचा श्वास घेतला.

श्रद्धेने त्यांचे मृत्यू टळले नाहीत आणि आठवणीही पुसल्या नाहीत. मात्र सगळा भार एकटीने वाहायचा, ही सक्ती सुटली. रमाबाईंसाठी मुक्तीचा अर्थ तो होता. केडगावच्या संस्थेचं नावही त्यांनी तेच ठेवलं.