हलगी, लेझीम आणि लोणावळ्याचे स्वामी

लोणावळा म्हटलं की चिक्की, भुशी डॅम आणि धुकं. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी. स्वामी कुवलयानंद कोण, असं आपल्या हॉस्टेलमध्ये कोणाला विचारलं तर बरेच जण वळवणकडच्या रस्त्याचं नाव सांगतील. थोडे जण कैवल्यधाम आणि योगासनं म्हणतील. दोन्ही उत्तरं बरोबरच आहेत. पण या माणसाच्या आयुष्याला एक तिसरी बाजू आहे आणि ती मला सगळ्यात जास्त भावली, कारण तिच्यात रांगा आहेत, हुकूम आहेत, ताल आहे. मित्रांनो, या लेखात मी मुख्यतः तीच सांगणार आहे.

आधी ताल आणि रांग यांच्याबद्दल थोडंसं. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या शाळेला बँड होता: साइड ड्रम, बेस ड्रम, बिगुल, झांजा, पांढरे हातमोजे. सगळे हुकूम इंग्रजीत. माझी रूममेट पवन मावळातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतली. तिच्याकडे लेझीम आणि हलगी. पहिल्या वर्षी आमचं यावरून बरंच वाजलं की खरी परेड कोणाची! खरं तर दोन्ही एकाच झाडाच्या फांद्या आहेत. लढाईत हुकूम ऐकू जात नाही, म्हणून ढोल आणि बिगुल आले. मोठा बेस ड्रम आणि झांजा युरोपच्या फौजांनी अठराव्या शतकात तुर्कांकडून उचलल्या. एकोणिसाव्या शतकात पितळी वाद्यांना व्हॉल्व्ह बसले आणि चालता चालता पूर्ण सूर वाजवता येऊ लागले. मग बंदुका सुधारल्या, रांगेनं लढायचे दिवस गेले, आणि बँड रणांगणावरून खेळाच्या मैदानावर आला. आपण एमएससाठी ज्या पर्ड्यूची स्वप्नं बघतो, त्या विद्यापीठाच्या बँडने 1907 साली मैदानावर रांगा मोडून माणसांचं पी हे अक्षर उभं केलं. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेत निवृत्त सैनिकांनी फक्त बिगुल आणि ड्रमची पथकं काढली, त्यांच्या मोठ्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या, आणि हळूहळू लष्करी ताठरपणा जाऊन तिथे चक्क नाच आला.

आपल्याकडे हा प्रवास निराळ्या वाटेनं झाला, आणि ती वाट बडोद्याहून लोणावळ्याला येते.

जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 30 ऑगस्ट 1883 चा, बडोदा संस्थानातल्या डभोईचा. मराठी कुटुंब, परिस्थिती ओढग्रस्तीची. शिक्षण अडत-अडखळत झालं, पण 1903 साली मॅट्रिकला त्यांना संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती मिळाली. पुढे बडोदा कॉलेज. अरविंद घोष त्या काळात बडोद्यात शिकवत होते, टिळकांचं राजकारण ऐन भरात होतं. अशा हवेत विशीतला मुलगा नुसता अभ्यास करत बसेल का? 1907 ते 1910 अशी तीन वर्षं गुणे जुम्मादादा व्यायाममंदिरात जात होते. तिथले गुरू म्हणजे राजरत्न माणिकराव.

या माणिकरावांविषयी खरं तर वेगळा लेख हवा. आखाडा म्हणजे तोवर एकेकट्याचं काम. एक गडी, एक मुद्गल, एक मल्लखांब. माणिकरावांनी देशी व्यायाम रांगेत आणला. शेकडो मुलं एकाच वेळी, एकाच हुकमावर. आणि हुकूम इंग्रजीत नाहीत, हिंदुस्थानीत! आज हे किरकोळ वाटेल. पण त्या काळात शाळेतली कवायत म्हणजे बहुतेकदा लष्करातून निवृत्त झालेला माणूस आणि पोरांना न कळणारे इंग्रजी शब्द. बँड साहेबाचा, पाऊल साहेबाचं, भाषाही साहेबाची. रांगेत उभं राहणं आणि ताबेदार होणं यांत फरक आहे, हे माणिकरावांच्या मैदानावर दिसलं. माझी रूममेट आजही लेझमीचे हुकूम म्हणते ते असे: चार आवाज, एक जगह, आदि लगाव, पवित्रा, दो रुख. मावळातल्या शाळेत हिंदी हुकूम कुठून आले असतील, असं मला नेहमी वाटायचं. देशी व्यायामाच्या त्या आखाडी परंपरेत त्याचं उत्तर आहे.

लेझीम हे यंत्र म्हणूनही भारी आहे. मुळात ते धनुर्धाऱ्याच्या सरावाचं साधन. धनुष्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावायची आणि ती ओढून हात-छाती कमवायची. पुढे साखळीत चकत्या आल्या, दांडा हलका झाला, आणि व्यायामाला आवाज मिळाला. ड्रमच्या पथकात वाजवणारा एक आणि त्या ठोक्यावर चालणारे दहा असं असू शकतं. लेझमीत तसं चालत नाही. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं वाद्य, प्रत्येक हालचालीला खणखणाट, म्हणजे एकाचंही चुकलं तर सगळ्या मैदानाला ऐकू जातं. मागे उभं राहून हात हलवल्यासारखं करायची सोय नाही. (आमच्या बँडमध्ये ती भरपूर होती.)

पदवीनंतर गुणे खानदेशात अमळनेरला गेले आणि शिक्षणाच्या कामात पडले. 1916 पासून ते तिथल्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य होते. सानेगुरुजी अमळनेरला येण्याच्या आधीचा हा काळ. 1920 मध्ये कॉलेज सरकारी रोषामुळे बंद पडलं. खेड्यापाड्यांतलं अज्ञान आणि अंधश्रद्धा त्यांनी तिथे जवळून पाहिली आणि पुढे काय करायचं ते याच वर्षांत ठरत गेलं.

मध्यंतरी 1919 साली त्यांना नर्मदाकाठी मालसरचे योगी माधवदासजी भेटले. इथे गोष्टीला वळण मिळतं. माणिकरावांकडे सगळं मोठ्यानं, रांगेनं, मैदानात. माधवदासजींकडे सगळं शांत, एकट्यानं, शरीराच्या आत. दुसरा कोणी असता तर आधीचं सोडून देऊन डोळे मिटून बसला असता. गुण्यांनी मात्र बडोद्याच्या हॉस्पिटलात एक्स-रे यंत्र गाठलं! उड्डियान आणि नौली करताना पोटात नक्की काय होतं ते त्यांनी 1920 नंतरच्या एक-दोन वर्षांत तपासायला घेतलं. मग 1924 च्या दसऱ्याला लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्रजी त्रैमासिक निघालं. त्यात एक्स-रेचे फोटो, रक्तदाबाचे आकडे. नौलीत मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, हे त्यांनी मॅनोमीटर लावून दाखवलं आणि त्या निर्वाताला गुरूचं नाव दिलं. आपण फ्लुइड मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला ज्या मॅनोमीटरचं रीडिंग पार्टनरच्या वहीतून उतरवतो, तोच हा मॅनोमीटर. शंभर वर्षांपूर्वी, आपल्या शेजारी! गांधीजींनीही 1927 साली प्रकृतीसाठी त्यांचा सल्ला घेतला होता.

आता मूळ मुद्द्यावर येते. एकेका शरीरावर एकेक यंत्र लावून तपासणाऱ्या या माणसासमोर प्रश्न आला शाळांचा. एका आसनाला एक शिक्षक असं कुठल्या देशाला परवडेल? मैदानावर मुलं शेकड्यांनी आणि शिक्षक एकच. तेव्हा बडोद्याचं शिक्षण उपयोगी पडलं. 1936 साली त्यांचं यौगिक संघ व्यायाम हे पुस्तक आलं. योगातल्या हालचालींना त्यांनी रांग, हुकूम आणि आकड्यांची चौकट दिली. माधवदासजींची विद्या माणिकरावांच्या मैदानावर आणली असं म्हणा ना.

यात एक खरी अडचण आहे, आणि ज्यानं कधी बँडमध्ये पाऊल टाकलंय त्याला ती लगेच कळेल. परेडचं जलद पाऊल मिनिटाला साधारण 120. ढोलाला तुमच्या फुप्फुसाशी काही देणंघेणं नसतं. ठोका पडला की पाय पडलाच पाहिजे. श्वासाचं तसं नाही. शेजारी उभ्या असलेल्या दोन मुलींचा श्वास सारखा लांबीचा नसतो. आसनात जाणं आणि त्यातून सुटणं एकत्र करता येईल, पण मधलं स्थिर राहणं हे ज्याचं त्याचं. म्हणजे सगळ्यांना एकाच क्लॉकवर चालवायचं, आणि प्रत्येकाचं आतलं घड्याळही मोडायचं नाही. दर 21 जूनला हा घोळ आपण मैदानावर बघतो. 2015 पासून आंतरराष्ट्रीय योग दिन होतोय. लाउडस्पीकरवरून श्वास सोडा अशी सूचना येते तोवर अर्धं मैदान सोडून मोकळं झालेलं असतं आणि उरलेलं लाल-निळं पडलेलं असतं.

माझ्या मते संघ व्यायाम ही स्वामीजींची तडजोड होती, पण डोळे उघडे ठेवून केलेली. योग रांगेत आणला की त्याची नुसती कवायत होते, हा आक्षेप काही खोटा नाही. पण दुसरा पर्याय काय होता? पाच-पन्नास श्रीमंत रुग्णांना लोणावळ्याच्या थंड हवेत शिकवत बसायचं आणि खेड्यातल्या पोराला उपाशी हवालदारी पीटीवर सोडून द्यायचं. त्यांनी दोन्ही चालू ठेवलं, प्रयोगशाळा एकेकट्यासाठी आणि मैदान सगळ्यांसाठी. एकासाठी दुसरं बंद केलं नाही.

1937 साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस सरकार आलं आणि शारीरिक शिक्षणासाठी समिती नेमली गेली. अध्यक्ष स्वामी कुवलयानंद. आखाड्यातला एक गडी सरकारी टेबलाच्या मानाच्या खुर्चीत! लगोलग 1938 मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. हे मला त्यांच्या कामातलं सर्वांत कमी चर्चेचं आणि सर्वांत लांब पोहोचलेलं पाऊल वाटतं. कारण हवालदाराच्या जागी आता शिकलेला, शरीरशास्त्र माहीत असलेला पीटीचा शिक्षक येऊ शकत होता. तो देशी आणि विदेशी असे दोन्ही व्यायाम घेऊन शाळेत जाऊ लागला. त्याच सुमाराला, म्हणजे 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिकडे आपले देशी प्रकार दाखवून आलं होतं. वारं कुठल्या दिशेनं वाहत होतं बघा.

लेझीम तेव्हापासून दोन घरांत राहते. एक घर शाळेचं मैदान, जिथे ती पांढऱ्या कपड्यात, आकड्यांवर. दुसरं घर गावची जत्रा आणि गणपतीची मिरवणूक, जिथे ती हलगीच्या मागे धावते आणि आकडे कोणी मोजत नाही. मावळ-मुळशीकडच्या गावांचे ढोल-लेझीम खेळ ज्यांनी पाहिलेत त्यांना दुसरं घर ठाऊक आहे. पुण्यात पुढे विद्यार्थ्यांची ढोल-ताशा पथकं आली आणि ती प्रचंड वाढली. आपल्यातले निम्मे लोक जुलै-ऑगस्टमध्ये सबमिशन बाजूला ठेवून सरावाला पळतात, मीही जाते. तरीही एक तक्रार मांडते: ढोल वाढले, पाय थांबले. कमरेला जड ढोल बांधून एका जागी शेकडो जण टिपरू मारतायत, याला आवाज आहे, शिस्त आहे, पण चाल कमी झाली. अमेरिकेतली पथकं उभ्यानं वाजवण्यापासून नाचाकडे गेली, आपण लेझमीच्या नाचाकडून उभ्यानं वाजवण्याकडे आलो. पथकातल्या दादांना हे पटणार नाही, माहीत आहे.

स्वामीजींची पुढची वर्षंही कामाचीच होती. 1945 साली लोणावळ्यात आयएनएस शिवाजी हे नौदलाचं इंजिनिअरिंगचं केंद्र आलं, तेव्हा ते साठी ओलांडलेले होते. म्हणजे एकाच गावात एकीकडे नौदलाची बँडवरची परेड आणि दुसरीकडे मॅनोमीटर लावून मोजलेला श्वास. काय कॉम्बिनेशन! 1950 च्या सुमारास योगाचं महाविद्यालय निघालं. 1957 मध्ये वेंगर आणि बागची हे दोन शास्त्रज्ञ अमेरिकेहून आपली यंत्रं घेऊन भारतभर फिरले, ते लोणावळ्यातही आले. योगी हृदय थांबवू शकतात का, हे त्यांना पाहायचं होतं. नाडी लागेनाशी झाली, हृदयाचे ठोके कानाला ऐकू येईनासे झाले, तरी आलेखावर हृदय चालूच राहिलेलं दिसलं. चमत्काराची बातमी गेली, पण मोजणी खरी निघाली. कैवल्यधामात पहिल्या दिवसापासून मोजणीलाच महत्त्व होतं. 1961 मध्ये योगोपचारांचं रुग्णालयही सुरू झालं.

18 एप्रिल 1966 रोजी स्वामी कुवलयानंद गेले, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी. कांदिवलीची संस्था तोवर अठ्ठावीस वर्षांची झाली होती, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक शाळांच्या पीटीच्या खोलीत, डंबेल्सच्या शेजारी, लेझमांनी भरलेली एक लाकडी पेटी असायची.