दगडावरची अक्षरं वाचणारा मास्तर

एम.एस्सी. झाल्यावर मला शाळेत शिकवायचंय, असं मी घरी सांगितलं आणि काकांनी पोह्यांची प्लेट खाली ठेवली. एवढं शिकून शेवटी मास्तरच का, असा त्यांचा सूर. तेव्हा मला चार्ल्स लॅपवर्थ आठवला.

लॅपवर्थचा जन्म १८४२ सालचा, इंग्लंडमधल्या फॅरिंग्डनचा. शिक्षकाचं प्रशिक्षण घेऊन १८६४ मध्ये तो स्कॉटलंडच्या गॅलाशील्स गावी शाळामास्तर झाला. तेच गाव का? तर वॉल्टर स्कॉटच्या साहित्याचं वेड! भूशास्त्र तो स्वतःच शिकला. सुट्टी मिळाली की डोंगर पालथे घालायचा.

तिथल्या काळ्या शेल खडकात ग्रॅप्टोलाइट या नष्ट झालेल्या समुद्री जिवांचे ठसे मिळतात, पेन्सिलीनं ओढलेल्या रेघांसारखे. ग्रीकमध्ये या नावाचा अर्थच दगडावरचं लेखन. हे जीव झपाट्याने बदलत गेले, त्यामुळे थराथरातली रेघ वेगळी. डॉब्स लिन या दरीत लॅपवर्थनं ती नीट वाचली. सरकारी सर्वेक्षणाला जो खडक प्रचंड जाड वाटला होता, ते खरं तर घड्या पडून पुन्हा पुन्हा वर आलेले पातळ थर आहेत, हे त्यानं दाखवून दिलं.

तिकडे वेल्समधल्या काही थरांवरून सेजविक आणि मर्चिसन या एकेकाळच्या मित्रांत वितुष्ट आलं होतं. एक त्यांना कँब्रियन म्हणे, दुसरा सिल्युरियन. दोघेही गेले, वाद उरला. १८७९ मध्ये लॅपवर्थनं ते थर स्वतंत्र कालखंडाचे मानले आणि ऑर्डोव्हायसीस या प्राचीन वेल्श जमातीवरून त्याला ऑर्डोव्हिशियन नाव दिलं. तेव्हाही तो शाळेतच शिकवत होता! १८८१ मध्ये तो बर्मिंगहॅमला प्राध्यापक झाला, १९२० मध्ये वारला. त्यानं दिलेल्या नावाला आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली ती १९६० मध्ये.

या कालखंडाचा शेवटचा टप्पा हिर्नांशियन. तेव्हा हिमयुग आलं, समुद्र ओसरले, बहुसंख्य सागरी जाती संपल्या. सुमारे ४४ कोटी वर्षांपूर्वी हा टप्पा संपून सिल्युरियन सुरू झाला. ती सीमा जगानं डॉब्स लिनलाच ठरवली आहे, मास्तरांच्याच दरीत.

आपल्या इंदूरखाली लाव्हाचा बेसाल्ट आहे, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. त्यात ग्रॅप्टोलाइट कुठून मिळणार? पण सातवीतल्या पोरांना पाताळपाणीला नेऊन लाव्हाचे थर तर दाखवता येतील.

काकांना अजून पटलेलं नाही. बी.एड.चा फॉर्म मात्र मी भरलाय.