नाव नसलेला माणूस

मी कलाशाखेचा विद्यार्थी. इतिहासाच्या तासाला शीतयुद्ध शिकताना ‘स्पुटनिक’ एका ओळीत येऊन जातो. ४ ऑक्टोबर १९५७ ही तारीख पाठ करायची आणि पुढे सरकायचे. मीही तेच केले असते. पण तो सोडणारा सर्गेई कोरोल्येव्ह ग्रंथालयात भेटला आणि माझा पिच्छा सोडीना.

जन्म १९०७, युक्रेनमधील झितोमिर येथे. तरुणपणी ग्लायडर बांधले, मग अग्निबाणांचे वेड लागले. जून १९३८ मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्याला घरातून उचलले. आरोप घातपाताचा, आणि साफ खोटा. मारहाण करून कबुली घेतली आणि त्याची रवानगी झाली थेट कोलिमाच्या सोन्याच्या खाणीत. तेथल्या उपासमारीत स्कर्व्हीने त्याचे दात पडले. पुढे कैदी तज्ज्ञांकडून विमाने बनवून घेणाऱ्या एका कार्यालयात त्याला आणले. सुटका १९४४ साली.

आणि मित्रहो, याच राजवटीसाठी त्याने आर-७ हे अण्वस्त्र वाहून नेणारे क्षेपणास्त्र उभारले! त्याचा राग गेला कोठे, हे मला अजून उलगडलेले नाही. कदाचित आकाशात जायला त्याच्यापुढे दुसरी वाटच नसेल.

उपकरणांनी भरलेला मोठा उपग्रह वेळेत तयार होईना आणि अमेरिका पुढे जाण्याची धास्ती. तेव्हा त्याने साधा गोळा करायचे ठरवले. ५८ सेंटिमीटर व्यास, ८३.६ किलो वजन, चार लांब अँटेना. पोटात बॅटऱ्या आणि रेडिओ प्रेषक. झगझगीत पॉलिशचा मात्र त्याने आग्रह धरला. कझाकस्तानच्या माळावरून सुटलेला हा गोळा सुमारे ९६ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा करू लागला, आणि त्याची ‘बीप बीप’ हौशी रेडिओवाल्यांनीही देशोदेशी ऐकली. तीन आठवड्यांनी बॅटऱ्या संपल्या. जानेवारी १९५८ मध्ये तो वातावरणात शिरून जळाला.

गोळ्याचे नाव जगाच्या तोंडी झाले. कर्त्याचे नाव सरकारी गुपित राहिले. वर्तमानपत्रांत तो फक्त ‘मुख्य रचनाकार’. १९६१ साली त्याच्याच यानातून गागारिन अंतराळात जाऊन आला, तेव्हाही तसेच. त्याच १९५७ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्याला कागदोपत्री निर्दोष ठरवले होते, पण तेही गुपचूप.

१४ जानेवारी १९६६ रोजी मॉस्कोत शस्त्रक्रियेच्या टेबलावर तो गेला. दोन दिवसांनी ‘प्रावदा’ने त्याचे छायाचित्र आणि पूर्ण नाव छापले. मृत्युलेखात.