माधवराव पेशव्यांना हरवणारा जंतू

पानिपतानंतर, १७६१ मध्ये शनिवार पेठेतल्या शनिवारवाड्याचा कारभार १६ वर्षांच्या माधवरावांकडे आला. त्यांनी राक्षसभुवनला निजामाला हरवलं, हैदर अलीला नमवलं. पण क्षयापुढे काही चाललं नाही. हा क्षय आतड्याचा होता, असं मानलं जातं.

आतड्यात मॅक्रोफेज नावाच्या पेशी पहारा देतात. आलेला जंतू गिळायचा आणि पचवायचा, हे त्यांचं काम. क्षयाच्या जंतूला मात्र मेणचट कवच असतं. तो गिळला जातो, पण पचत नाही; उलट त्याच पेशीत वाढतो. भोवती आणखी पेशी जमून गाठी होतात, व्रण पडतात, खाल्लेलं अंगी लागत नाही. वैद्य तरी काय करणार? हा जंतू सापडला थेट १८८२ मध्ये.

माधवराव थेऊरच्या चिंतामणीपाशी जाऊन राहिले. १८ नोव्हेंबर १७७२ ला तिथेच गेले. वय २७. रमाबाई सती गेल्या.